इंडी अल्बम ऐकायला सुरुवात कुठून करू, आणि त्यांचा आवाज असा 'खराब' का असतो?

प्रश्न थोडक्यात असा: आजवर गाणी फक्त शफलवर ऐकली, आता अख्खे इंडिपेंडंट अल्बम ऐकायचेत, चार मित्रांना विचारलं तर प्रत्येकानं वेगळी नावं दिली आणि वर त्यांच्यातच जुंपली. एक म्हणतो मोठं लेबल, म्हणजे अल्बम काढणारी कंपनी, असलं की तो इंडी नाहीच, दुसरा म्हणतो घरी रेकॉर्ड केला असेल तरच इंडी. आणि सांगितलेले दोन अल्बम लावून बघितले तर आवाजच फाटका वाटला. माझे कान चुकतायत की बाकीचे उगाच डोक्यावर घेऊन नाचतायत?

मी वीसेक वर्षं मास्टरिंग करते. म्हणजे मिक्स होऊन आलेला अल्बम रिलीज व्हायच्या आधी सगळ्यात शेवटी ज्याच्या हाताखालून जातो, ती मी. बहुतेक कामं अशा बँडची ज्यांच्यामागे लेबल नाही, मॅनेजर नाही, आणि बऱ्याचदा ड्रमर पण निघून गेलेला असतो. त्यामुळे या भांडणात मी नेहमी मधेच अडकते, उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी भांडणाचंच बघू, कारण ते सुटल्याशिवाय यादीला अर्थ नाही. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' घ्या. १९८२ च्या जानेवारीत त्यानं घरी बसून टीॲक कंपनीच्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर डेमो, म्हणजे कच्ची रेकॉर्डिंग, केले, ती कॅसेट कव्हर न घालता खिशात घेऊन फिरला, मग अख्ख्या बँडबरोबर तीच गाणी स्टुडिओत पुन्हा करून बघितली, जमली नाहीत, आणि शेवटी त्या कॅसेटवरूनच अल्बम काढला. त्या कॅसेटवरून रेकॉर्डची तबकडी कापता कापता मास्टरिंगवाल्यांच्या नाकी नऊ आले होते, मला त्यांची मनापासून दया येते. आता हा अल्बम निघाला कोलंबियावर, जगातल्या सगळ्यात मोठ्या लेबलांपैकी एक. उलट बाजूला ॲडेलचा '२१', २०११ चा, तो ब्रिटनमध्ये एक्सएल रेकॉर्डिंग्जनं काढला, जे चक्क स्वतंत्र लेबल आहे. म्हणजे कागदावर '२१' इंडी आणि 'नेब्रास्का' नाही, आणि कानाला बरोब्बर उलटं. तुमच्या त्या दोन मित्रांना ही जोडी द्या आणि बाजूला होऊन मजा बघा. फिशमन्स या जपानी बँडचं पण तेच, इंटरनेटवर त्यांना इंडीचे देव करून ठेवलंय, पण त्यांचा 'लाँग सीझन' निघाला पॉलिडोर या मोठ्या लेबलवर.

आणि इंडी म्हणजे स्वस्तात केलेलं, हे पण धरून चालू नका. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा 'लव्हलेस' (१९९१) क्रिएशन या स्वतंत्र लेबलवर आला, पण तो करायला दोनेक वर्षं आणि १९ स्टुडिओ लागले. खर्चाचे जे आकडे सांगतात ते फुगवलेत असं बँडचा म्होरक्या केव्हिन शील्ड्स स्वतः म्हणतो, पण लेबलच्या तोंडाला फेस आला होता एवढं नक्की, कारण त्यानंतर त्यांनी बँडला सोडूनच दिलं. दुसऱ्या टोकाला निर्वाणाचा पहिला 'ब्लीच', सब पॉप या स्वतंत्र लेबलवर, १९८९, रेकॉर्डिंगचं बिल ६०६ डॉलर १७ सेंट. दोन्ही इंडीच.

मग माझ्यापुरती मी एक पट्टी धरलीये, ती शास्त्रीय वगैरे नाही. अल्बम ऐकताना मी विचारते की इथे 'हे नको, बदला' असं म्हणायचा हक्क कुणाला होता? ज्या अल्बममध्ये तो हक्क फक्त करणाऱ्याकडेच होता तो माझ्यासाठी इंडिपेंडंट, पैसे कुणाचे का असेनात. आणि हे ऐकू येतं बरं का, खरंच येतं. सात मिनिटांचं गाणं जिथे चारला संपायला हवं होतं तिथे ऐकू येतं, आणि जिथे आवाज मुद्दाम फाटू दिलाय तिथेही. म्हणजे हा हक्क नुसता गुणाचा नाही, अर्धे रटाळ इंडी अल्बम याच कारणानं रटाळ असतात की कात्री लावणारं कुणी नव्हतं. मी स्वतः किती वेळा नम्रपणे लिहिलंय की शेवटची दोन गाणी काढता आली तर बघा, आजवर एकानंही काढलेली नाहीत.

आता आवाजाकडे. तुम्हाला फाटका वाटला म्हणजे तुमचे कान व्यवस्थित आहेत, तो फाटकाच आहे. फक्त फाटका असण्याची कारणं वेगळी असतात आणि ती कळली की ऐकणं बदलतं.

एक असतो नाइलाजाचा फाटका आवाज. चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर काम कसं चालतं बघा. तीन ट्रॅकवर गिटार, ड्रम, बेस भरलं, आता आवाज कुठे भरणार, एकच ट्रॅक उरला आणि तुम्हाला हार्मनी पण हवीये. मग ते तीन ट्रॅक मिक्स करून चौथ्यावर उतरवायचे, याला बाउन्स करणं म्हणतात, आणि पहिले तीन पुसून मोकळे करायचे. झालं, आता गिटार मोठी आणि बेस लहान झाला असेल तर तो जन्मभर तसाच, परत मागे जाता येत नाही. शिवाय प्रत्येक बाउन्सला वरचा खणखणीतपणा थोडा जातो आणि टेपची सळसळ थोडी वाढते. गायडेड बाय व्हॉइसेसचा 'बी थाउजंड' (१९९४) बराचसा असल्याच यंत्रांवर झालेला आहे, वीस गाणी आणि सगळी मिळून साधारण छत्तीस मिनिटं, करणारा रॉबर्ट पोलार्ड शाळेत शिक्षक. पहिल्याच गाण्यात एका जागी गिटार अचानक गायबच होते. बघा ऐकून. टेपची चूक आहे, आणि ती तशीच ठेवलीये. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वायर तपासली होती. आता ती गिटार गेली नाही तर मला चुकल्यासारखं होईल, कारण गाणं तिथे अंगावरचे कपडे निघाल्यासारखं उघडं पडतं आणि तरीही चालत राहतं, म्हणजे चाल किती पक्की आहे ते त्या भोकातूनच दिसतं.

दुसरा असतो हट्टाचा. न्यूट्रल मिल्क हॉटेलचा 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी' (१९९८, मर्ज रेकॉर्ड्स) लोक बिनधास्त लो-फाय, म्हणजे कच्च्या रेकॉर्डिंगचा, म्हणून सांगतात आणि मी दरवेळी वाद घालते. तो डेन्व्हरला नीट स्टुडिओत झालाय, रॉबर्ट श्नायडर या माणसानं डोकं लावून केलाय. ती जी अकूस्टिक गिटार करकरते ना, ती माइकच्या प्रीअँपला (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारं यंत्र) मुद्दाम जास्त सिग्नल पाजून करकरवलीये, आणि तिच्यावर करवतीचा तो रडका सूर (हो, खरीखुरी करवत, धनुकलीनं वाजवलेली) आणि पितळी वाद्यं अगदी स्वच्छ बसवलीयेत. सगळंच फाटलेलं असतं तर करवत ऐकूच आली नसती. गंमत म्हणजे पिचफोर्क या परीक्षणांच्या साइटनं, अल्बम आला तेव्हा त्याला दहापैकी ८.७ दिले आणि २००५ ला तो परत काढला तेव्हा १०. अल्बम तोच होता, एक सूर बदललेला नव्हता.

तिसरा प्रकार निष्काळजीपणाचा, त्यावर वेळ घालवत नाही, तो पण भरपूर आहे आणि त्याला पण लोक 'रॉ' म्हणतात.

हे मला तरी कुठे पहिल्यापासून कळत होतं. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीचा अल्बम आला, एकटी, गिटार आणि आवाज, खोलीत एका माइकवर केलेला. चौथ्या गाण्यात प्रत्येक ध्रुवपदाच्या आधी खुर्ची करकरायची. मी दोन दिवस बसून ते करकरणं एकेक करून काढलं, सळसळ कमी केली, स्वतःवर खूश होऊन फाइल पाठवली. तिचं एका ओळीचं उत्तर आलं, खुर्ची कुठे गेली? मग मी दोन्ही फाइली शेजारी ठेवून ऐकल्या आणि लक्षात आलं की ती वरच्या सुराला जाताना पुढे झुकायची, खुर्ची वाजायची, आणि ऐकणाऱ्याला न कळत कळायचं की आता वर जाणारेय. समेच्या आधीच्या तिहाईसारखं काम करत होती ती खुर्ची. मी ती काढल्यावर ध्रुवपद नुसतं येऊन आदळत होतं. परत घातली, सळसळ पण परत घातली, आणि त्या दोन दिवसांचे पैसे लावले नाहीत.

बरं, आता तुमच्या शफलबद्दल, कारण अर्धा घोळ तिथे आहे आणि हे कुणी सांगत नाही. स्पॉटिफायसारखी ॲप गाण्यांचा आवाज एका पातळीला आणून वाजवतात, स्पॉटिफायची ठरलेली पातळी उणे १४ एलयूएफएस आहे, एलयूएफएस म्हणजे कानाला किती मोठं वाटतं ते मोजायचं एकक. अल्बम क्रमानं लावला तर पूर्ण अल्बमला मिळून एकच बदल होतो, म्हणजे हळू गाणं हळूच राहतं आणि मोठं मोठंच. पण शफल किंवा प्लेलिस्ट लावली की प्रत्येक गाणं सुटं मोजतात. मग जे गाणं मी दोन मोठ्या गाण्यांच्या मधे श्वास घ्यायला म्हणून मुद्दाम खाली ठेवलं होतं ते ॲप वर उचलू बघतं, त्याच्याबरोबर सळसळ पण वर येते, आणि तुम्ही म्हणता आवाज खराब आहे. आहेच, त्या जागी तो ऐकायचाच नव्हता. तेव्हा पहिलं काम, शफल बंद.

आणि दोन आवृत्त्यांची तुलना करायची असेल, जुना मास्टर बरा की नवा, रेकॉर्ड बरी की फाइल, तर आधी दोन्हीचा आवाज सारखा करा. एखादा डेसिबल जरी जास्त असला तरी कानाला तो 'जास्त मोठा' वाटत नाही, 'जास्त चांगला' वाटतो. या एका गोष्टीमुळे मी दिग्गज लोकांना भर मीटिंगमध्ये तोंडावर पडताना बघितलंय, मी पण पडलेय. रीमास्टरवरून, म्हणजे जुन्या अल्बमच्या नव्या मास्टरिंगवरून, चाललेली निम्मी भांडणं नॉब जरा खाली केला की संपतील, पण मग लोक करणार काय.

आता कुठून सुरुवात. माझी यादी आवडीची आहे, मान्यतेची नाही.

बोन इव्हेरचा 'फॉर एमा, फॉरेव्हर अगो' पहिला लावा, कारण तो कानाला लगेच पटतो. जस्टिन व्हर्ननने २००६-०७ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनला वडिलांच्या शिकारीच्या केबिनमध्ये राहून बराचसा रेकॉर्ड केला, २००७ ला स्वतःच काढला, पुढच्या वर्षी जॅगजॅग्वार लेबलनं परत काढला. माझी तक्रार अल्बमवर नाही, त्या केबिनच्या दंतकथेवर आहे. लोक बर्फ आणि एकटेपणा ऐकतात, मी ऐकते ते एकाच माणसाच्या आवाजाचे एकावर एक चढवलेले थर. एकटा माणूस गर्दी होऊन गातोय, थोडे थोडे सरकलेले सूर एकमेकांना घासतात आणि तिथे तो धुकट रंग येतो. बर्फाचा काही संबंध नाही, काम आहे ते, तासन्‌तास केलेलं.

मग स्लिंटचा 'स्पायडरलँड', १९९१, लेबल टच अँड गो. सहा गाणी, १९९० च्या ऑगस्टमध्ये चार दिवसांत रेकॉर्ड झालेली, मुलं तेव्हा जेमतेम विशीची, आणि अल्बम बाहेर यायच्या आधी बँड मोडला पण होता. यात मास्टरिंगवाल्याला रडू येईल इतका हळू आणि मोठ्याचा फरक आहे. पुटपुटल्यासारखं बोलणं, दोन गिटार एकमेकींना चुकवत चालणाऱ्या, आणि मग एकदम भिंत कोसळते. शेवटच्या गाण्यातली किंकाळी ज्यांना ऐकायचीये त्यांनी आधीची सगळी पुटपुट ऐकली पाहिजे, नाहीतर तो नुसता आरडाओरडा आहे. गाड्यांच्या आवाजात इअरफोन लावून हा अजिबात ऐकू नका, अर्धा अल्बम कानापर्यंत पोचणारच नाही. रात्री, शांत खोलीत. रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनीनं मेलडी मेकर या ब्रिटिश संगीत साप्ताहिकात याचं परीक्षण लिहिताना दहा तारे देऊन टाकले होते, आणि तो माणूस कौतुकाच्या बाबतीत कंजूष होता. (अल्बिनी २०२४ च्या मे महिन्यात गेला, ६१ व्या वर्षी. दुसऱ्यांच्या अल्बमवर रॉयल्टी घ्यायची नाही, कामाचे ठरलेले पैसे घ्यायचे, हे त्यानं शेवटपर्यंत पाळलं. आमच्या धंद्यात हे बोलणारे खूप असतात.)

हेडफोन चांगले असतील तर द मायक्रोफोन्सचा 'द ग्लो पार्ट टू', २००१, के रेकॉर्ड्स. फिल एल्व्हरम यानं ऑलिंपियातल्या स्टुडिओत टेपवर केलेला. पहिल्या गाण्यात दोन गिटार डाव्या-उजव्या कानात टोकाला बसवल्यात आणि तुम्ही बरोब्बर मधे उभे असता. अधूनमधून धुक्यात जहाजाचा भोंगा वाजतो, कुठून आला कळत नाही, परत जातो. हा माझा सगळ्यात लाडका, त्यामुळे मी याबद्दल निःपक्ष नाही आणि व्हायचंही नाही. एल्व्हरमचाच माउंट इरी या नावानं २०१७ ला आलेला 'अ क्रो लुक्ड ॲट मी' बायको गेल्यावर, ती ज्या खोलीत गेली त्याच खोलीत, बरंचसं तिच्याच वाद्यांवर केलेला आहे. तो मी दोनदा ऐकलाय. तिसऱ्यांदा नाही जमलं. सुरुवातीला नकोच.

गिटार फार झाली असेल तर रॅपचा 'मॅडव्हिलनी', २००४, स्टोन्स थ्रो. मॅडलिबचे बीट आणि एमएफ डूमचे शब्द, बावीस तुकडे, ध्रुवपदं जवळपास नाहीतच, गाणं रंगात आलं की संपतं. यातले कितीतरी बीट मॅडलिबनं ब्राझीलला हॉटेलच्या खोलीत एका छोट्या सॅम्पलरवर (रेकॉर्डमधले तुकडे घेऊन वाजवायचं यंत्र) केले. पूर्ण व्हायच्या वर्षभर आधीच तो लीक झाला, मग डूमनं आवाज परत भरले, आधीपेक्षा शांत आणि खर्जातले. इथे चाहत्यांत दोन तट आहेत, लीकवाल्यांना तो उत्साही आवाज आवडतो. मला नंतरचा. त्या आळसावलेल्या आवाजामुळेच यमकं उशिरा कळतात, ओळ पुढे गेल्यावर हसू येतं.

बरिअलचा 'अनट्रू' (२००७, हायपरडब) पण इथेच सांगते. त्यानं सिक्वेन्सर, म्हणजे ठोके आपोआप चौकटीत बसवणारं साधन, न वापरता साउंड फोर्जमध्ये, म्हणजे मुळात आवाज कापाकापी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नजरेनं अंदाज घेत ड्रम मांडले. ठोके चौकटीत बसत नाहीत, लंगडतात, पण त्या लंगडण्यालाच लय आहे. मी एकदा हौसेनं एक तुकडा ग्रिडवर, म्हणजे त्या चौकटीत, नीट बसवून बघितला. मेला तो तिथल्या तिथे.

आणि भांडायचंच असेल तर भांडायला सगळ्यात उत्तम अल्बम म्हणजे कार सीट हेडरेस्टचा 'ट्विन फँटसी', कारण तो दोन आहेत. विल टोलेडोनं २०११ ला लॅपटॉपवर करून बँडकँप या साइटवर (जिथे कलाकार स्वतःच अल्बम टाकतात) टाकला, आणि २०१८ ला मॅटाडोर लेबलवर, बँड घेऊन, तोच अल्बम पहिल्यापासून परत केला. गाणी तीच, काही ओळी बदललेल्या. पहिल्यात शब्द कळायला कान द्यावा लागतो, दुसऱ्यात सगळं लख्ख. व्यवसाय म्हणून विचाराल तर दुसरा सरस आहे, यात वाद नाही, ड्रमला पोट आहे, आवाजाला जागा आहे. पण पहिल्यात एकोणीस वर्षांचा मुलगा कुणी ऐकेल का या भीतीनं गातोय आणि दुसऱ्यात पंचविशीचा माणूस ती भीती आठवून गातोय. मी दर वर्षी मत बदलते. यंदा पहिला. तुमच्या मित्रांशी वाद घालाल तेव्हा मात्र 'फील' वगैरे म्हणू नका, कुठल्या मिनिटाला काय होतं ते बोट ठेवून सांगा, मग समोरच्याला पण तेच मिनिट लावून बघावं लागतं आणि भांडणाला जरा चव येते.

एवढं पचलं की शेवटी सिंडी लीचा 'डायमंड ज्युबिली', २०२४. बत्तीस गाणी, दोन तास. आला तेव्हा स्पॉटिफायवर नव्हताच, एका जुनाट दिसणाऱ्या साइटवर डाउनलोड आणि यूट्यूबवर अख्ख्या अल्बमचा एकच सलग व्हिडिओ. तरी तोंडोतोंडी पसरला. मला त्यातली सात-आठ गाणी जास्तीची वाटतात, कात्रीचं मी वर म्हटलंच. पण तुमच्यासाठी तो सलग व्हिडिओ बरा, त्यात शफलचं बटणच नाही.